ल्येनशिनकडचं मडकं

चांगशू
नववा चांद्रमास, आठवा दिवस, १९८३

ल्येनशिन,

कुआंग मास्तरांनी आशीर्वादाच्या चार ओळी आधीच मांडून ठेवल्या होत्या, त्या मी खोडायला लावल्या. सात वर्षांनी पत्र जातंय, त्यात पहिल्याच ओळीत परक्याची भाषा नको. मास्तर म्हणजे पोस्टाच्या पायरीवर टेबल टाकून बसतात ते, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. मी बोलते, ते लिहितात, आणि लिहिता लिहिता माझी वाक्यं धुऊन इस्त्री करतात. एखादं वाक्य फार नेटकं वाटलं तर समज, ते माझं नाही.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. त्यानं लिहिलंय की त्यानं लिहिल्याचं तुला कळू देऊ नये. म्हणून मी तुलाच लिहिते आहे. नवरा-बायकोत चोरी नसावी. तोंगला रागावू नकोस, तो उत्तरेकडचा, रेल्वेतला माणूस, त्याला लपवणं जमत नाही.

तो म्हणतो तुझं पोट काही धरत नाही. दोन घास गेले की मळमळ, सकाळी पातळ होतं, तहान नाही, हातपाय गार, आणि पोटाशी गरम पाण्याची बाटली धरून बसलीस की बरं वाटतं. जीभ कशी आहे ते त्यानं लिहिलेलं नाही. जीभ न बघता दुखणं कळवणारा जावई मला मिळाला. पण मी चाळीस वर्षं औषधांच्या वखारीत मुळं कापली आहेत, मला एवढं पुरे. तुझ्या पोटातली चूल विझत आली आहे. विझणारच. गेल्या थंडीत त्यानं मोठ्या कौतुकानं कळवलं होतं की तू दगडासारख्या गोठलेल्या नासपती पाण्यात सोडून खातेस. नवऱ्याच्या गावाला शोभून दिसायचं म्हणून किती थंड गिळायचं याला काही माप असतं.

मास्तरांनी पत्र वाचून संपवलं आणि विचारलं, "उत्तर काय लिहू?"
म्हटलं, "उत्तर आधी कापायचं असतं, लिहायचं मागाहून."

तशीच उठले. दोन दिवसांत आठ पुड्या केल्या. तोच मध्य, म्हणजे पोट, सावरणारा काढा, तुझ्या बाबांना द्यायचे तो. चारच जिनसा आहेत. जिनसेंग, सुंठ, ज्येष्ठमध आणि बाइचू कंद. जिनसेंग तुमच्याच तिकडचं, इकडे येऊन पुन्हा तिकडे चाललंय. माणसं मात्र गेली की गेली. बाइचू मी आपल्या चुलीच्या पोटातली माती खरवडून तिच्यात भाजला, कडा करड्या होईपर्यंत. ती माती ज्या चुलीची, त्या चुलीवर तू लहानपणी रताळी भाजलीस. बाकी काही बोलत नाही.

तीन वाट्या पाण्याची एक वाटी कर. प्यायल्यावर एक जेवण होईल एवढा वेळ थांब, मग गरम तांदळाची पेज पी आणि पांघरूण घेऊन पड. आतून ऊब आली असं वाटेपर्यंत पांघरूण काढायचं नाही. पेजेशिवाय हा काढा म्हणजे नुसतं कडू पाणी. तुमच्याकडे लोक तिन्ही त्रिकाळ पाव खातात हे मला ठाऊक आहे, म्हणून पार्सलात तांदूळही घातलाय.

मडकं तुझ्याकडेच आहे. तू जाताना कापसाच्या जाकिटात गुंडाळून नेलंस, ते मी दारातून पाहिलं होतं. परत मागत नाहीये. काढ्याचं मडकं परत करायचं नसतं, त्याच्याबरोबर दुखणं मालकाच्या दारी येतं. ज्याचं त्याला लागलं तर त्यानं स्वतः जाऊन आणायचं. मला अजून लागलेलं नाही. माझं पोट दगड पचवतं.

आई


चांगशू
नववा चांद्रमास, तेविसावा दिवस

ल्येनशिन,

तोंगचं दुसरं पत्र आलं. पुन्हा त्याचंच. पाच पुड्या झाल्या आणि म्हणे फरक थोडाच आहे. पेज देतोस का असं मी बजावून विचारलं होतं, त्यावर लिहितो, "देतो, पण तिला आंबवलेल्या कोबीशिवाय पेज उतरत नाही, म्हणून वाटीभर गार कोबी वर." ऐकलंस? एकीकडे चूल पेटवायची आणि दुसरीकडे तिच्यावर तांब्या ओतायचा. मास्तर हसले, तर मी म्हटलं, "तुम्ही हसू नका, लिहा: जावईबापू, कोबी तुमच्या टोपीत ठेवा."

पण नुसत्या कोबीनं एवढं व्हायचं नाही. काहीतरी आहे जे तो लिहीत नाही. त्याच्या पत्रात एक जागा आहे, तिथे मास्तर वाचताना अडखळतात. वाक्य सुरू होतं, "इथले वैद्य म्हणाले की..." आणि पुढे खोडलंय. खोडलेलं मास्तरांनाही वाचता येत नाही. मला तर न खोडलेलंही येत नाही, आम्ही दोघं सारखेच झालो.

तेव्हा हे कर. पुढच्या पुडीचा चोथा फेकू नकोस. तुमच्या त्या विटांच्या गरम खाटेवर वाळव, कागदात बांध आणि मला पाठव. मास्तरांना वाटतंय म्हातारीचं डोकं फिरलं. त्यांना सांगितलं, तुमच्यासाठी कागद तसा माझ्यासाठी चोथा. आपल्या गल्लीत काढ्याचा चोथा रस्त्यात टाकतात, दहा पावलं त्याच्यावरून गेली की दुखणंही त्या पावलांबरोबर निघून जातं. मी रोज सकाळी पाण्याला जाते ती खाली बघत. कोणाला खोकला, कोणाच्या पोटात गोळा, कोणाच्या सुनेचा महिना चुकला, मला रस्त्यावर कळतं.

तेच तर झालं होतं. आता बोलतेच. गल्लीला सगळं माहीत आहे, मास्तरांना कळलं तर काय बिघडणार.

त्या वर्षी तू माहेरी आलीस तेव्हा दोन महिने झाले होते. मीच काढा उकळायची, मीच चोथा टाकायची. तीन महिने भरायच्या आत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नसते, हे मला माझ्या आईनं सांगितलं होतं आणि मी तुला सांगितलं होतं. आणि मीच समोरच्या हू वहिनीकडे टोफू आणायला गेले आणि टोफूच्या बदल्यात बातमी ठेवून आले. काय करू, आनंद पोटात मावत नव्हता. जेवणवेळेपर्यंत अख्खी गल्ली तुला विचारायला लागली, आंबट हवं की तिखट. एकोणीस दिवसांनी ते गेलं.

मी तेव्हा म्हटलं होतं, माझ्या बोलण्यानं का कधी मूल जातं. हे मी मोठ्या आवाजात म्हटलं होतं, तुझ्या खोलीच्या दाराशी उभी राहून. तू आतून एवढंच म्हणालीस, "आई, तुझ्या तोंडाला कडी नाही." आणि आठव्या दिवशी गेलीस.

मास्तर लिहायचे थांबले आहेत. त्यांना म्हटलं, लिहा, शाई वाळेल.

चोथा पाठव.

आई


चांगशू
दहावा चांद्रमास, सातवा दिवस

ल्येनशिन,

चोथा पोचला. मास्तरांच्या टेबलावरच पुडी सोडली. त्यांनी आपले कागद बाजूला सारले आणि नाक धरलं. मी मात्र काडीकाडी वेगळी करून मांडली.

सुंठ माझीच, पण निम्मी. कोणीतरी निम्मी काढून ठेवली आहे. बाइचू माझाच, करड्या कडांचा, आत पांढरा राहिलाय, म्हणजे उकळायला घाई होते. तोंगला सांग, काढा म्हणजे तुझी आगगाडी नाही. ज्येष्ठमध ठीक. जिनसेंगचे तुकडे आहेत तेवढे आहेत, कोणी चोरून चघळलेले नाहीत.

आणि मग मी पाठवल्याच नव्हत्या अशा दोन जिनसा निघाल्या. एक जांभळ्या देठांची, आतून पांढरी भुसभुशीत. आणि दुसऱ्या लहान आखूड काड्या, तांबूस, एका टोकाला सालीची लव. तुतीच्या झाडावरचं बांडगूळ.

मी ते हातात घेतलं आणि बसले. मास्तर म्हणाले, "काय झालं, विंचू निघाला का?"
म्हटलं, "बांडगूळ."
"ते कशासाठी देतात?"

मुली, ते कशासाठी देतात हे मला विचारायचं? सात वर्षांपूर्वी तुझ्यासाठी ते मीच कापलं होतं, याच सुरीनं, इतकंच तिरकं.

म्हटलं, "गुडघ्यांसाठी." खोटं नाही ते. गुडघ्यांनाही देतात, कमरेलाही देतात. वखारीत कोणालाही विचारा.

तर मास्तर, लिहा: मुली, तुझ्या गुडघ्यांबद्दल कळलं. फार आनंद झाला. मास्तर म्हणतात, गुडघे दुखतात यात आनंद कसला. म्हटलं, आमच्या घरात तसंच आहे, तुम्ही लिहा.

गुडघ्यांना जप. जड उचलू नकोस. शिडीवर चढू नकोस. विहिरीशी बर्फ असेल, पाणी तोंगनं आणायचं. मळमळ होते ती गुडघ्यांचीच आहे, तिला घाबरू नकोस, तिचा अर्थ गुडघ्यांनी घट्ट धरलंय. सुंठ निम्मी करणारा तुमचा वैद्य शहाणा आहे, अशा गुडघ्यांना फार उष्ण नको. हे मी म्हटलं असं त्याला सांगू नका, उत्तरेकडच्या वैद्यांना लगेच चढते. यापुढे मी सुंठ निम्मीच घालीन आणि बांडगूळ इथून पाठवीन, इथलं जास्त जुन्या तुतीवरचं असतं.

आणि तुझ्या गुडघ्यांबद्दल मी कोणाशी बोलणार नाही. तुझ्या थोरल्या भावाशी नाही, त्याच्या पोरांशी नाही, जी मला आजी आजी करत सगळं काढून घेतात. हू वहिनीशी तर नाहीच. तू विश्वास ठेवायला हवास असं मी म्हणत नाही. मी तुझ्या जागी असते तर ठेवला नसता.

तू मला सांगितलं नाहीस ते बरोबर केलंस. हे वाक्य मास्तरांनी इस्त्री केलेलं नाही, माझंच आहे.

आई


चांगशू
दहावा चांद्रमास, सोळावा दिवस

ल्येनशिन,

तुझं उत्तर यायच्या आत लिहिते आहे, कारण कोणाशी तरी बोलायलाच हवं आणि बोलायला तूच एक उरली आहेस.

मी रोज उठल्यावर जिभेखाली सुंठेचा तुकडा धरते. तो असला की तोंड भाजतं आणि बोलता येत नाही. नऊ दिवस झाले. गल्लीत सगळे म्हणतात, म्हातारीला काहीतरी झालं. हू वहिनी तर घरी आली, माझ्या कपाळाला हात लावला.

"आजारी आहेस का ग?"
मान हलवली, नाही.
"मग भांडलीस का कोणाशी?"
नाही.
"मग दोन्ही गाल असे का फुललेत? आणि हसतेस काय सारखी? या वयात काही लपवतेस का माझ्यापासून?"

सुंठ गिळावी लागली, नाहीतर सुटलंच होतं तोंडातून. डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, "अगंबाई, रडतेस," आणि गरम टोफूचा वाडगा ठेवून गेली. चार दिवस फुकट टोफू खाते आहे. न बोलण्यात एवढा फायदा असतो हे मला कोणी तरुणपणी सांगायला हवं होतं.

काल मात्र पाय घसरला होता. तळ्यावर धुणं धुताना हू वहिनी सहज म्हणाली, "तुझ्या लेकीचं काय चाललंय ग तिकडे? पोरंबाळं?" सहजच म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या तोंडात त्या वेळी सुंठ नव्हती. शब्द पार दातांपर्यंत आला. मी ओली चादर उचलली आणि तोंडावर दाबली, जशी काही नाक पुसते आहे. चादर थोरल्या सुनेची, साबणाची. तशीच दाबून धरली, शब्द मागे जाईपर्यंत.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे किती सोपं होतं. सात वर्षांपूर्वी. एक चादर पुरली असती.

मास्तर म्हणतात, तुमच्या गुडघ्यांच्या गोष्टीत चादर कुठून आली. म्हटलं, मास्तर, तुम्ही लेखणी चालवा.

बारा पुड्या पाठवते आहे. प्रत्येक पुडीवर एक गाठ जास्त मारली आहे, म्हणजे उघडायला वेळ लागेल आणि तोंग तोवर पाणी नीट तापू देईल.

तू लिहिलं नाहीस तरी चालेल. नुसता चोथा पाठव. मला पुरतो.

आई


चांगशू
अकरावा चांद्रमास, सहावा दिवस

ल्येनशिन,

माझ्या मागच्या पत्राला वीस दिवस झाले, तुझ्याकडून काहीच आलं नाही. ना चोथा, ना तोंगचं पत्र. मी रोज पोस्टाच्या पायरीवर. मास्तर मला बघितलं की नुसती मान हलवायचे. मी मनात म्हणायची, चोथा नाही म्हणजे काढा नाही. काढा नाही म्हणजे एकतर गरज उरली नाही, नाहीतर दुसरं. दुसरं मी मनातही पुरं केलं नाही. सुंठ तशीच जिभेखाली. आता बोलायला काही उरलं नसेल तरी ठेवीन म्हटलं.

आज सकाळी मास्तर पायरी उतरून माझ्या दारात आले. सत्तर वर्षांचा माणूस, चष्मा हातात धरून पळत. म्हणाले, "अक्षर वेगळं आहे." मला अक्षर काय कळतं, पण लिफाफा हातात घेतला आणि कळलं. तोंग खळ जास्त लावतो. हा लिफाफा कोरडा, नीट दुमडलेला, कडेला नखानं रेघ ओढलेला. तू लहानपणी औषधाच्या पुड्या बांधायचीस तसा.

त्यांनी तीनदा वाचला. मी पाठ करून घेतला. म्हणशील तर म्हणून दाखवते:

"आई, बर्फानं रस्ता अडला होता, पत्रं सगळी एकदम गेली असतील. तीन महिने भरून सहा दिवस झाले. पेज राहते. परवा दोन वाट्या प्यायले आणि तिसरी मागितली. हात गरम असतात. तू लिहिलेलं चादरीचं तोंगनं मला वाचून दाखवलं, तो हसत होता, मी नव्हते. तुझं मडकं इथे चुलीवर आहे, रोज कामात आहे. तळाशी केसाएवढी चीर गेली आहे, अजून गळत नाही. परत पाठवता येत नाही हे तुला माहीत आहे. इकडे थंडी फार आहे, येताना गुडघे झाकून ये."

मास्तर शेवटच्या ओळीला थांबले. म्हणाले, "आता गुडघे तुमचे झाले का?"
म्हटलं, "मास्तर, आता सांगायला हरकत नाही. ते गुडघे..."
"राहू द्या," ते म्हणाले. "माझी बायको चार खेपांना तुतीचं बांडगूळ प्यायली. तिचे गुडघे शेवटपर्यंत उत्तम होते."

पहिल्या दिवसापासून कळलं होतं त्यांना. महिनाभर मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून लपवत होते की त्यांना कळलंय. लबाड माणूस. या गल्लीत कडी असलेली तोंडं आहेत म्हणायची, मला दिसली नव्हती एवढंच.

परवाच्या गाडीनं निघते आहे. थोरला म्हणतो चार दिवसांचा प्रवास, दोनदा गाडी बदलायची, तुला एक अक्षर वाचता येत नाही. मी म्हटलं, मला नाही येत पण इतरांना येतं, आणि तोंड मला आहे. मास्तरांनी स्टेशनांची नावं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिली आहेत, ज्याच्या त्याच्या नाकापुढे धरायला. बरोबर बांडगूळ, तांदूळ, आणि एका डब्यात आपल्या चुलीच्या पोटातली माती. बाइचू तिथेच भाजीन. तुमची चूल नवी, तिची माती अजून पिकलेली नसणार.

आज हू वहिनीकडे टोफू घ्यायला गेले. तोंडात सुंठ नव्हती. तिला सांगितलं, उत्तरेला चालले आहे, लेकीकडे.
"एकदम? काय झालं?"
"माझं काढ्याचं मडकं तिच्याकडे राहिलंय, ते आणायला."
"एका मडक्यासाठी चार दिवसांची गाडी?"
"चांगलं मडकं आहे."
"आणि परत कधी येणार?"

तीन महिने भरले होते, सांगितलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं. जिभेच्या टोकावर होतं, गोड लागत होतं. ते मी तसंच ठेवलं. तुझी बातमी आहे, गल्लीला कधी सांगायची ते तू ठरव.

म्हटलं, "मडकं कामात आहे ग. ते रिकामं होईल तेव्हा."

आई